परतीचे ताट

नाताळाला पंधरा दिवस उरले, की कोल्हापुरातील जुन्या बेकऱ्यांच्या भट्टीपाशी पुन्हा रांग लागते. पुन्हा म्हणण्याचे कारण असे, की हीच रांग दिवाळीपूर्वी एकदा लागून गेलेली असते. त्या वेळी रवा, मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन हिंदू भगिनी नानकटाई भाजून घ्यायला बसलेल्या असतात. डिसेंबरात भट्टी तीच, काळे पडलेले पत्रे तेच, भट्टीवालाही तोच. रांगेत मात्र आपल्या धर्मग्रामातील बाया असतात. प्रत्येकीच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी, किलोमागे ठरलेली मजुरी, आणि आपल्या चार नानकटाया दुसरीच्या डब्यात गेल्या की काय, हा दरवर्षीचा वाद. कडक आचेवर पाव भाजून निघाले, की भट्टी थोडी निवते आणि त्या उतरत्या आचेवर नानकटाईचे पत्रे आत जातात. आच जास्त राहिली तर नानकटाई वरून करपते आणि पोटात कच्ची राहते. हे ज्ञान मला सेमिनरीत मिळाले नाही. रांगेत बसलेल्या माउल्यांनी दिले.

माझे बालपण आजरा भागात गेले. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात पूर्वी गोमंतकातून येऊन स्थिरावलेली कॅथॉलिक घरे आहेत. आमच्या घरात कोंकणी, दारात मराठी, आणि नाताळाच्या फराळात दोन्ही. नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल यांच्या जोडीला चकली, शेव, चिवडा आणि खाऱ्या शंकरपाळ्या असत. ओव्हन नव्हता. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू पसरून तीत केकचे भांडे ठेवायचे, पातेल्यावर पत्र्याचे झाकण आणि झाकणावर निखारे. वरची आच आणि खालची आच यांचा मेळ बसवणे हे आईचे कसब होते. पण पहिला केक तिलाही साधत नसे. तो एका बाजूने करपे आणि आम्हां भावंडांच्या वाट्याला येई. चांगला निघालेला केक कापून ताटांत जाई. हा आम्हांला तेव्हा उघड अन्याय वाटत असे.

ताट म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. पितळी किंवा स्टीलचे ताट, त्यात गोड आणि तिखट पदार्थांच्या वाट्या, वर क्रोशाचा रुमाल. ते ख्रिस्ती घरांत जाते तसे शेजारच्या पाटलांकडे, शिक्षकांच्या घरी, समोरच्या मुसलमान कुटुंबातही जाते. दिवाळीत आणि ईदेला तिकडून ताट आलेले असते. या व्यवहाराचा एक अलिखित नियम आहे. ताट रिकामे परत पाठवू नये. काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालावी. आमच्या आईने हा नियम दहा आज्ञांइतक्या कसोशीने पाळला.

आता या नियमाकडे शुभवर्तमानाच्या उजेडात पाहिले, तर माणूस बिचकतो. संत लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या यजमानाला सांगतो, की जेवण देशील तेव्हा मित्रांना, भाऊबंदांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस. ते तुला उलट बोलावतील आणि तुझी फेड होऊन जाईल. ज्यांना फेड करता येत नाही, त्यांना बोलाव. हे वचन मी कित्येक वर्षे वेदीवरून वाचत आलो. आपली नाताळाची ताटे कोणाकडे जातात, याची यादी एकदा मनाशी केली, तेव्हा ती नेमकी मित्रांची, भाऊबंदांची आणि शेजाऱ्यांचीच निघाली. ज्या घराकडून ताट येत नाही, त्या घराकडे दोन-तीन वर्षांत ताट जाणेही थांबते. कोणी ठरवून थांबवत नाही. ‘त्यांच्याकडून काही आलं नाही ना यंदा’ एवढे एक वाक्य स्वयंपाकघरात उच्चारले जाते, आणि एक घर यादीतून गळते.

आमच्या धर्मग्रामात एक विधवा बाई आहेत. मी त्यांना मावशी म्हणतो. पती गेल्यानंतर त्यांनी लोकांकडे धुण्याभांड्यांची कामे करून दोन मुलांचे शिक्षण केले. एका वर्षी आगमनकाळात घरभेटीला गेलो, तेव्हा फडताळावर तीन स्वच्छ घासलेली ताटे एकावर एक ठेवलेली दिसली. प्रत्येकावर घडी केलेला रुमाल होता. मी सहज विचारले. मावशी अवघडल्या. ती आदल्या नाताळाची ताटे होती. मधल्या वर्षभरात ती परत गेली नव्हती, कारण त्यांत घालायला त्या वेळी काही नव्हते, आणि पुढे इतके दिवस उलटले, की चिमूटभर साखर घालून पाठवण्याची लाज वाटू लागली. ज्यांची ताटे होती, त्यांनी ती मागितली नाहीत. पण नवी ताटे पाठवण्याचेही त्यांना सुचले नाही.

मी अस्वस्थ होऊन परतलो आणि पुढच्या रविवारी, बरेच धर्मगुरू करतात तेच केले: प्रवचन दिले. यंदा फराळ कागदी बशांतून पाठवावा, म्हणजे परतीचा प्रश्नच उरणार नाही, असे सुचवले. लूकचा चौदावा अध्याय उलगडून सांगितला. प्रवचन चांगले झाले, असे चार जण मिस्सानंतर म्हणाले. संध्याकाळी मावशी आल्या. त्या रागावल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेले प्रथमच पाहत होतो.

“फादर, तुम्ही माझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. आता ताट न्यायचं तर माझ्या घरी कागदाची बशी येणार. म्हणजे ही बाई काय परत देणार, असंच ना? ताट घरात पडून होतं तोवर मी देणं लागत होते. आता देणंसुद्धा लागत नाही मी.”

मला उत्तर सुचले नाही. माझी सूचना प्रभूच्या वचनावर आधारलेली होती आणि तरीही तिने एका गरीब स्त्रीचा मान दुखावला होता. हे कसे झाले, हा प्रश्न पुढे कित्येक दिवस माझ्या मनात घोळत राहिला.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनस शिकलो होतो. दान म्हणजे काय, याचा विचार करताना तो ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन म्हणतो, की खरे दान परतफेडीच्या हेतूने दिलेले नसते; त्याचे मूळ प्रेमात असते आणि प्रेम हेच पहिले दान. म्हणूनच पवित्र आत्म्याला ‘दान’ हे नाव शोभते, असा त्याचा युक्तिवाद आहे. याच्या उलट बाजूला फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस उभा आहे. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधात त्याने अनेक मानवसमूहांचे व्यवहार तपासून दाखवले, की भेटवस्तूला तीन बंधने चिकटलेली असतात. द्यावे लागते, घ्यावे लागते आणि परत द्यावे लागते. आमच्या आईने मोसचे नाव ऐकलेले नव्हते, पण रिकाम्या ताटाचा नियम तिने त्याच्या आधीच शिकवला होता.

यांपैकी खरा कोण? मी अक्विनस पुन्हा उघडला आणि तेव्हा लक्षात आले, की विद्यार्थिदशेत मी त्याचा अर्धाच भाग वाचला होता. कृतज्ञतेविषयी लिहिताना तोच अक्विनस उपकाराची फेड हे नैतिक कर्तव्य मानतो. मात्र सेनेकाचा दाखला देऊन तो बजावतो, की फेड करण्याची घाई करू नये. घाईने फेडणाऱ्याचे मन कृतज्ञ माणसाचे नसते, कर्ज अंगावरून झटकू पाहणाऱ्या ऋणकोचे असते. आणि गरिबाने फेड कशी करावी? तर त्याची फेड वस्तूच्या किमतीने मोजायची नाही, अंतःकरणाने मोजायची. म्हणजे परत देण्याची इच्छा ही दानाला लागलेली कीड नव्हे. देणाऱ्याने परतीची अपेक्षा धरू नये, हे खरे. पण घेणाऱ्याला परत देण्याची मुभाच ठेवू नये, असे प्रभूने कोठे सांगितले आहे? लूकच्या त्या वचनात यजमानाच्या लोभावर बोट आहे. पाहुण्याच्या मानावर नाही. मी कागदी बशीचा उपाय सांगितला, तेव्हा या दोन गोष्टींची गल्लत केली.

करिंथच्या मंडळीतही अशीच एक गल्लत झाली होती, जरा वेगळ्या प्रकारची. तेथे प्रभुभोजनासाठी एकत्र जमल्यावर ज्याने-त्याने आपापले जेवण उरकावे, एकाने उपाशी राहावे आणि दुसऱ्याने मद्याने धुंद व्हावे, असे घडे. संत पौल त्यांच्यावर संतापला, तो अन्नाच्या विषम वाटणीवर तर खराच. पण ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता, हा त्याच्या रागाचा गाभा आहे. नाताळाच्या फराळाबद्दल बोलताना मला हा उतारा आता वारंवार आठवतो.

घेण्यातही नीती असते, हे आपल्या महाराष्ट्राला वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या गुप्त मंडळात येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. आज मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस मोडणाऱ्या कोल्हापूरकराला हे ऐकून हसू येईल, परंतु तेव्हा त्या तुकड्याची किंमत घरदार सुटण्याइतकी होती. पुढे ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे आपल्या अँग्लिकन बांधवांच्या मिशनमध्ये, व्याख्यानानंतर आलेल्या मंडळींसमोर चहा-बिस्किटे ठेवली गेली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि टिळक व रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. एका बिस्किटात एवढे सामर्थ्य! कोणाच्या हातचे खातो यावर माणूस कोणाला माणूस मानतो, हे ठरत होते. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी पाठवलेली ताटे दारातून घेतली गेली आणि मागच्या दाराने गुरांपुढे रिकामी झाली, हे आपण विसरू नये. हे मी कटुतेने लिहीत नाही. आज त्याच गल्ल्यांतून आपला केक हातोहात संपतो, याचे मोल कळावे म्हणून लिहितो.

आणि या संदर्भात कोल्हापूरच्या माणसाला गंगाराम कांबळे आठवल्याशिवाय राहत नाहीत. ते राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी, पागेत नोकरीला होते. अस्पृश्य असून पाण्याला शिवले, म्हणून त्यांना सहकाऱ्यांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना चहाचे दुकान काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाने ते दुकान उभे राहिले. दुकान उभे राहिले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला गिऱ्हाईक येईना. छत्रपतींच्या हातून जे देण्यासारखे होते ते देऊन झाले होते. येथे थांबले असते, तर इतिहासाने त्यांना उदार राजा म्हटलेच असते. परंतु महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवू लागले आणि गंगारामांकडे चहा मागू लागले. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागे. मला या प्रसंगात पैशाच्या मदतीपेक्षा ते मागणे मोठे वाटते. दाता याचक होऊन दारात आला आणि गंगारामांच्या हातच्या चहाला मान मिळाला.

हे मनात असताना मी राजांच्या पहिल्या ग्रंथाचा सतरावा अध्याय वाचला. तो आधी शंभरदा वाचला असेल. दुष्काळात एलिया संदेष्टा सारफथ गावाच्या वेशीवर एका विधवेला भेटतो. तिच्यापाशी मूठभर पीठ आणि थोडेसे तेल उरले आहे. दोन काटक्या वेचून, शेवटची भाकर भाजून, मुलासह खाऊन मरणाची वाट पाहायची, एवढाच तिचा बेत आहे. आणि एलिया तिला म्हणतो, की आधी मला एक लहानशी भाकर करून आण, मग तुझ्यासाठी आणि मुलासाठी कर. खरे सांगायचे तर हे मागणे मला नेहमी निष्ठुर वाटत आले. देवाच्या माणसाने मरणाच्या दारातील बाईच्या तोंडचा घास मागावा? पुढे मडक्यातले पीठ सरले नाही, हा चमत्कार सांगून मी प्रवचनात ती निष्ठुरता झाकून नेत असे. मावशींच्या रागानंतर त्या मागण्याची दुसरी बाजू दिसली. साऱ्या गावाने जिच्यापाशी देण्यासारखे काही नाही असे गृहीत धरले होते, तिच्याकडे एका माणसाने काहीतरी मागितले. शेवटच्या भाकरीची का होईना, ती यजमानीण झाली.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा मी अशीच एक गोष्ट पाहिली होती. पण तिचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. पूरग्रस्तांच्या एका निवाऱ्यात बिस्किटांच्या पुड्यांची रास लागली होती. देणारे पुण्या-मुंबईहून येत होते, मनापासून देत होते. तिसऱ्या दिवशी तेथील बायका म्हणाल्या, “आम्हाला पीठ द्या आणि गॅस द्या.” संध्याकाळी त्यांनी भाकऱ्या थापल्या आणि पहिल्या भाकऱ्या मदतीला आलेल्या मुलांपुढे ठेवल्या. ती मुले संकोचाने नको म्हणू लागली. मीही त्यांना साथ दिली, आणि आज वाटते, की तेव्हा चुकलो.

तेव्हा पुढच्या नाताळापूर्वी मी मावशींच्या घरी गेलो. प्रवचनाची भरपाई प्रवचनाने करायची नाही, एवढे ठरवून गेलो होतो. म्हटले, “मावशी, धर्मग्रामाच्या वतीने पन्नास घरांना फराळ द्यायचा आहे. कुलकुल कुणाला जमत नाहीत. तुम्ही शिकवाल?” हे काही युक्तीने शोधलेले काम नव्हते. कुलकुल खरेच कोणाला जमत नव्हते. तरुण पिढी ते विकत आणते. मावशींनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. मग म्हणाल्या, “नव्या फण्या आणा. डोक्याला लावलेल्या चालायच्या न्हाईत.”

चार दुपारी सभागृहात वीस-बावीस बाया आणि मुली जमल्या. रवा-मैदा नारळाच्या दुधात भिजवून, त्याची बोराएवढी गोळी फणीच्या दातांवर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत न्यायची, म्हणजे शिंपल्यासारखी वळी होते. कड नीट मिटली नाही तर तळताना ती उलगडते आणि तेल पिते. मावशींनी दोघींची वळी सरळ मोडून टाकली. त्यांतली एक बाई महाविद्यालयात प्राध्यापक आहे आणि दुसरीकडे मावशी कामाला जातात. मोडलेली वळी पुन्हा करताना त्या बाईंचा चेहरा मी पाहत होतो. त्या थोड्या लाजल्या, मग हसल्या, आणि ‘मावशी, आता बघा’ म्हणून त्यांनी पुढे केलेली वळी मावशींनी बराच वेळ निरखली.

यावर कोणी म्हणेल, की यातून त्यांचे दारिद्र्य कोठे हटले? हटले नाही. मजुरी वाढवून द्यावी, हे मी त्या बाईंना वेगळे सांगितले आणि त्यांनी ती वाढवली; तो न्यायाचा प्रश्न आहे आणि तो फराळाच्या ताटाखाली झाकता येत नाही. निर्वासनातून परतलेल्या लोकांना नहेम्याच्या ग्रंथात सणाच्या दिवशी सांगितले जाते, की ज्यांच्या घरी काही तयार झालेले नाही त्यांना वाटे पाठवा. हे कर्तव्य आपल्यावर आहेच आणि आपण ते पुरते पाळत नाही. तरी वाटा पाठवणे आणि वाटा मागणे यांतले दुसरे मला अधिक अवघड जाते, हे कबूल करतो. देताना मी धर्मगुरू असतो. मागताना नुसता माणूस उरतो.

त्या वर्षी २४ डिसेंबरला, मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वी, मावशींच्या धाकट्या मुलाने माझ्या निवासावर एक ताट आणून दिले. फडताळावरच्या तीन ताटांपैकी ते नव्हते. ती तिन्ही भरून आपापल्या घरी गेल्याचे मला नंतर कळले. हे त्यांचे स्वतःचे होते, काठावर त्यांच्या पतीचे नाव कोरलेले. त्यात कुलकुल होते, गूळ घातलेल्या केकचे चार तुकडे आणि ओवा घातलेल्या खाऱ्या शंकरपाळ्या होत्या. शंकरपाळ्यांत मीठ अंमळ जास्त पडले होते. मी सगळ्या खाल्ल्या.

मग ताट धुऊन टेबलावर ठेवले आणि लक्षात आले, की आता माझ्यावर पाळी आली आहे. धर्मगुरूच्या घरी जे असते ते सारे लोकांनी दिलेले असते. त्यातलेच काही उचलून घालणे मनाला पटेना. आमचा स्वयंपाकी म्हणाला, “साखर घाला फादर, चालतं.” दोन दिवस विचार केला. ३० तारखेला किलोभर मैदा, पाव किलो रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन मी भट्टीवर गेलो. परातीत तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसायला मनगट किती लागते, हे पन्नाशी उलटल्यावर कळले. सण होऊन गेल्यामुळे रांग नव्हती. भट्टीवाल्याने माझ्या ओबडधोबड नानकटायांकडे पाहिले, काही न बोलता दोन-चार नीट वळून दिल्या, पत्रा उचलला आणि पेन्सिल कानामागून काढत विचारले, “फादर, चिठ्ठीवर नाव कुणाचं घालू?”